बटनात न्यूट्रल

रात्री दीडला पाणी प्यायला उठले
तर जिन्यातला दिवा
बटन बंद असून
पापणी हलवत होता.

एकदा. मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा.
मी मोजलं: सोळा, सतरा, कधी एकवीस.
बल्ब बदलला. नवाही तसाच.
शेजारच्या आक्काताई म्हणाल्या, नारळ उतरवून टाक.
मी दस्तगीरला फोन लावला.

दस्तगीर शिकलगार, फुलेवाडी, तिसरा स्टॉप.
आला, पण चप्पल काढली नाही,
"वायरमननं अनवाणी फिरायचं नसतंय."
स्टुलावर चढला, बल्ब काढून माझ्या हातात दिला,
बटन बंद आहे ना, दोनदा विचारलं,
आणि होल्डरला टेस्टर लावला.
टेस्टरच्या पोटात नारिंगी ठिपका
शांतपणे पेटलेला.

मग बोर्ड उघडला.
आत कुंभारमाशीचं वाळकं घर
आणि जिकडं तिकडं एकाच रंगाची वायर, पिवळी.
"फिटिंग कुणी केलंय हे?"

मी आतल्या खोलीकडं बघितलं.
अण्णा कानातलं मशीन काढून
पेपर वाचत होते.

उद्यमनगरात मोल्डर होते, चौतीस वर्षं.
हे घर त्यांनी सोमवारच्या सुट्ट्यांत उभं केलं,
वायरिंगसुद्धा स्वतःच,
लक्ष्मीपुरीतून उरलेलं पिवळं बंडल स्वस्तात आणून.
"वीज काय रंग बघून जाती व्हय?"
त्यांचा सांचा कधी चुकला नाही,
हे आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो.

दस्तगीर हळू बोलला. मी सांगितलं नव्हतं.
"भूत न्हाई ताई. बटनात न्यूट्रल आलाय,
फेज सरळ दिव्यावर. बटन बंद केलं
तरी वीज दारात उभीच.
वायरीतनं थेंब थेंब झिरपती,
भांडं भरलं की एकदा सांडती. त्येच मिचकणं."
"मग इतकी वर्षं?"
"जुना बल्ब म्हंजे रेडा. चिमूटभर पेंडीनं उठायचा न्हाई.
एलईडीला नुसता वास आला तरी डोळं उघडतंय."

इतकी वर्षं.
मी जिन्याच्या पायरीवर बसले.
दर दिवाळीला ह्याच स्टुलावर मी,
न्हाऊन आलेली, केस गळताहेत,
धाकटा शशिकांत पाय धरून,
आणि खालून अण्णा ओरडायचे:
"बटन बंद केलंय न्हवं?"
केलंय, अण्णा.
एवढ्या एका शब्दावर
आम्ही होल्डरमध्ये बोटं घालत होतो.

दस्तगीरनं मेन पाडला.
दोन वायरींची अदलाबदल, वीतभर तुकडा कापून टाकला,
टेप गुंडाळली. वीस मिनिटांचं काम.
पंखा थांबला म्हणून अण्णा बाहेर आले.
"काय बिघडलंय?"
"काय न्हाई, बल्ब गेलावता," मी मोठ्यानं म्हणाले.
"व्हय, बल्बच," दस्तगीर, स्क्रू आवळत.

अण्णांनी हात पुढं केला.
खिशातनं मशीन काढून कानात बसवलं,
मग बल्ब कानाशी नेऊन हलवला,
तार तुटलेली वाजते का बघायला,
तशी तार असलेला बल्ब घरात आता एकही नाही.
"वाजत न्हाई," म्हणाले. "चांगला हाय की ह्यो."

कुणी काही बोललं नाही.
ते वाकले, गुडघ्यावर हात देऊन,
फरशीवरचा पिवळा तुकडा उचलला,
बोटाला गुंडाळला,
खिशात घातला.
दस्तगीरनं पैसे मोजून घेतले, पन्नास परत दिले.
"सैपाकघरातलंबी एकदा बघाय पायजे, ताई."

रात्री मी जिन्यात उभी राहिले.
एकवीसपर्यंत मोजलं. अंधार.
पुन्हा मोजलं.
आतून अण्णांचा आवाज आला:
"अजून मिचकतंय काय गं?"

"न्हाई," मी म्हणाले.
मशीन उशाला काढून ठेवलेलं असणार.
त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.